बाई मदतीला येतात

आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंच्या मदतीतून आजवर कुणीही धडपणे सुटलेलं नाही. बाई दौंडच्या, जुन्या रेल्वेवाल्या ख्रिस्ती घरातल्या. रविवारी चर्चमध्ये पाळकांनी सांगायचं की प्रेम तोंडानं नको, हातांनी करा, आणि सोमवारी ते हात आमच्या पाटसच्या शाळेवर येऊन पडायचे. स्टाफरूममधले सगळ्यांचे डबे त्या न विचारता घासून ठेवत. घासत लख्ख, पण झाकणं अशी लावत की संस्कृतच्या सरांच्या डब्याचं झाकण आठ दिवस माझ्या घरी नांदलं. हेडमास्तरांना डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलेलं. ते एकदा बाईंना हायवेला दिसले. बाईंनी स्कूटी थांबवली, त्यांना जवळजवळ उचलूनच मागं बसवलं आणि घरी नेऊन सोडलं. बिचारे दारातूनच परत फिरले आणि पहिल्यापासून चालू लागले.

"अहो, आधी विचारावं माणसाला," मी म्हटलं.

"बुडणाऱ्याला विचारत बसतात का?" बाई म्हणाल्या. हेडमास्तर बुडत नव्हते, हे काही त्यांना पटलं नाही.

मग डिसेंबरात दहावीतली पूजा शाळेत यायची थांबली. तिची आई गोठ्यात घसरली आणि उजवा हात मोडून बसली होती. वडिलांचा ट्रॅक्टर कारखान्याच्या उसावर. बाई आणि मी त्यांच्या वस्तीवर गेलो.

"शाळा ऱ्हाऊ द्या आता," वडील म्हणाले. "भाकरी कुणी थापायची? म्हशीचं कुणी बघायचं?"

पोरगी हुशार आहे, बोर्ड तीन महिन्यांवर आलंय, असे सगळे मुद्दे मी वाटेत जुळवून ठेवले होते. पहिला मुद्दा तोंडातून निघेपर्यंत बाई पदर खोचून गोठ्यात पोचल्यासुद्धा.

त्यानंतर दहा दिवस शाळा सुटली की बाई वस्तीवर. त्यांची भाकरी परातीतून तव्यापर्यंत अखंड कधी गेली नाही. म्हशीला त्यांनी चंदनाच्या साबणानं आंघोळ घातली. घर इतकं आवरलं की ट्रॅक्टरची किल्ली अर्धा दिवस सापडली नाही; ती पिठाच्या डब्यामागं 'नीट' ठेवलेली निघाली. अकराव्या दिवशी वडील पूजाला घेऊन शाळेत आले आणि माझ्यापुढं हात जोडून उभे राहिले.

"म्याडम, पोरीला रोज धाडतो. भाकरी मी थापतो. पन त्या बाईंला आवरा. म्हस दूध चोराय लागलीय!"

मी व्यवहारी बाई. परीक्षा होईपर्यंत पूजाचा एकही दिवस बुडणार नाही, असं त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि मगच बाईंना आवरलं.

बाई मात्र खट्टू झाल्या. "माझं काम पसंत पडलं नाही त्यांना," म्हणाल्या. पूजा समोर पहिल्या बाकावर बसलेली होती, पण बाईंच्या मनात न फुगलेल्या भाकऱ्या. मी समजावलं नाही. समजावलं असतं तर खूश होऊन त्या पुन्हा गोठ्यात गेल्या असत्या.

शेवटच्या पेपराला पूजाची आई केंद्राच्या फाटकाशी उभी होती. प्लॅस्टर निघालं होतं, पण हात खांद्याच्या वर जात नव्हता. केस कसेबसे गुंडाळलेले.

"त्या बाई न्हाई आल्या व्हय?" तिनं विचारलं.

"दौंडच्या केंद्रावर ड्यूटी आहे त्यांची. का हो?"

"समदं काम वाढवून ठिवायच्या, ते खरं. पन जाताना मला पुढ्यात बसवून वेणी घालायच्या. हात मोडल्यावर सगळ्यांनी भाकरीचं इचारलं, म्हशीचं इचारलं. माज्या केसांचं कुणी न्हाई." तिनं पदर सावरला. "त्यांना म्हणावं, या एकदा. काम काय न्हाई. नुसत्याच या."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी निरोप जसाच्या तसा दिला.

"काम नाही?" बाईंनी विचारलं. जरा वेळानं पुन्हा विचारलं, "काहीच नाही?" एरवी एका जागी न ठरणारे त्यांचे हात टेबलावर उताणे पडून होते, आणि त्यांचं काय करायचं ते बाईंना कळत नव्हतं.