नावाड्याचं नाव

बांगलादेशातल्या एका नदीकाठी, १९७१च्या युद्धात मारल्या गेलेल्या गावकऱ्यांच्या स्मारकापाशी, एक म्हातारी दगडावरचं एक नाव पदराने पुसत होती. माझ्या मोडक्या बंगालीत मी विचारलं, "आपले कोण?"

"नवरा. नावाडी होता. शेजाऱ्यांना त्याने रातोरात पलीकडे पोचवलं. कुठे लपवलंस, म्हणून सैनिकांनी खूप मारलं त्याला. तो बोलला नाही. इथेच गोळी घातली."

माझे डोळे भरून आले.

"रडू नकोस, पोरी. नाव मोठ्याने वाच."

मी वाचलं. मागून आणखी दहा-बारा आवाजांनी तेच नाव घेतलं. मी वळून पाहिलं.

"त्या शेजाऱ्यांची मुलं-नातवंडं. दरवर्षी येतात," म्हणताना तिची मान ताठ झाली.

एक माणूस गप्प राहिला, म्हणून आज एवढी माणसं बोलत होती.