पटलेकाकांनी न पाहिलेले आकडे

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की चहा टाकायला उठून जाणारा मी माणूस. सर्व्हरला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना मनसोक्त हसलेला. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय...

२००८ चा पावसाळा. गोंदियात फुलचूरला आमचं छोटं ऑफिस होतं. एका कॉलेजचे प्रवेश अर्ज आमच्या सर्व्हरवर भरले जायचे. त्यातला जावाचा प्रोग्राम चालता चालता मेमरी खात सुटायचा. १०२४ एमबीला टेकला की बंद, आणि अर्धवट भरलेले अर्ज गेले! त्याच्यावर नजर ठेवायला पटलेकाका होते. आयुष्यभर इटियाडोह धरणावर पाण्याची पातळी वाचलेला माणूस. इथेही दर अर्ध्या तासाने स्क्रीनवरचा आकडा पेन्सिलीने रजिस्टरमध्ये उतरवायचे. धोका जवळ आला की आकड्याखाली दोन रेघा – धरणावरची सवय.

"काका, कॉम्प्युटर स्वतःच नोंद ठेवतो ना," मी चिडवायचो.

"ठेवू दे ना, बाबू. मी पाहून लिहतो. न पाहता आकडा लिहाचा नाही."

अर्जांचा शेवटचा दिवस. काका आदल्या संध्याकाळीच भाताच्या रोवणीसाठी गावी, कामठ्याला गेलेले. सकाळी मी कपाटातून रजिस्टर काढलं – किल्ली माझ्याचकडे – तर त्या दिवसाचं पान दुपारी अडीचपर्यंत भरलेलं! काकांच्याच अक्षरात. माझं डोकंच फिरलं. आम्हाला उपदेश करणारा माणूस स्वतः आकडे ठोकून मोकळा? तडक ऑफिसच्या साहेबांना पान दाखवलं.

"कल से मत बुलाओ उनको," साहेब म्हणाले.

मग दहा वाजता स्क्रीन पाहिली. ४१२. पानावर ४१२. असेल योगायोग, म्हटलं. साडेदहाला ४३७... पानावरही ४३७. बारापर्यंतचे पाचही आकडे तसेच निघाले. पानावरचा शेवटचा आकडा अडीचचा, १०११, खाली दोन रेघा. अडीचच्या आत अर्ज सेव्ह करा, अशी सूचना मी वेबसाइटवर टाकली. अडीचला स्क्रीनवर १०११ आलं. लगेच प्रोग्राम थांबवून पुन्हा सुरू केला. एकही अर्ज गेला नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले. मी सगळं सांगितलं, चुगलीसकट. त्यांनी पानावरच्या एकेका आकड्यावरून बोट फिरवलं.

"अक्षर माजंच आहे. पण मी नाही लिहलो."

"काका, सगळे आकडे बरोबर निघाले! साहेबही खूश आहेत. तुम्हाला कोणी काढत नाही."

"बरोबर असतीन, बाबू. पण पाहलं कोनं?" त्यांनी पेन्सिल रजिस्टरवर ठेवली. "न पाहता लिहलेलं माज्या अक्षरात निघालं. आता मले ठेवू नका."

साहेबांनी समजावलं, मी पाया पडलो. काका ऐकले नाहीत. ते पान माझ्याकडे आहे, सर्व्हरची नोंदही आहे – कितीदा ताडून पाहिलं, एकेक आकडा जुळतो. काका मात्र पुन्हा कधी ऑफिसात आले नाहीत.