पाय, माय, बाय

माझी आत्या हळू बोलत नाही. तिला ते येतच नाही. उभा जन्म यंत्रमागाच्या शेडमध्ये गेला, आणि तिथल्या खडखडाटात कुणी कानाशी येऊन बोंब मारली तरी डास गुणगुणल्यासारखी वाटते. म्हणून तिथे कुणी कुणाचं ऐकत नाही, सगळे ओठ वाचतात. शेडच्या पार त्या टोकाला असलेल्या बाईला आत्या नुसते ओठ हलवून माझ्या बापाच्या लहानपणच्या सगळ्या खोड्या सांगू शकते. सांगतेही. शेडमध्ये तिला भोंगा म्हणतात.

तर हा भोंगा गेल्या वर्षी बंद पडला.

समोरच्या मागावर तिची जोडीदारीण असायची. दोघी एकमेकींना ‘बाय’ म्हणायच्या. एका दुपारी जोडीदारीण तुटलेलं सूत जोडायला दोन मागांच्या मधून वाकली आणि तिचा पाय मोटरच्या पट्ट्यात सापडला. ती आत्याकडे बघून ओरडली, “पाय! पाय!”

आता तुम्ही आरशासमोर उभं राहून, आवाज न काढता म्हणून बघा. पाय, माय, बाय. ओठ तिन्ही वेळा तेच करतात. आत्याने वाचलं, ‘बाय! बाय!’ आणि तिने हसून हात हलवला. “काय गं बाय?”

मग तिला चेहरा दिसला. मग ती धावली. जोडीदारीण दवाखान्यात गेली ती परत आली नाही.

तेव्हापासून आत्या हसायची बंद झाली. चुकून हसू आलंच तर तोंडावर हात. घरात मिक्सर लागला की हातातलं भांडं खाली. शेडच्या फाटकापर्यंत जायची, घामाघूम होऊन परत यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. शेठने निरोप धाडला, मागावर तुझं काही खरं नाही, घडीखात्यात बस आणि कापडाच्या घड्या घाल.

“ऐक त्याचं,” माझे बाबा म्हणाले. “नाहीतर सरळ घरी बस. झालं गेलं विसरून जा.”

“घरी बसून काय करू, अंडी उबवू? तो माग माझा आहे दादा. सोडायचा की नाही, ते मी ठरवीन. आणि विसरायचं काय सांगतोस? ती काय बाजारातून आणायची राहिलेली कोथिंबीर आहे?”

अशा बाईला मी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. म्हणजे तिने मला नेलं. मी फक्त पत्ता शोधला.

डॉक्टरबाईंची खोली छोटी होती, समोरासमोर दोन खुर्च्या आणि खिडकीत वाळलेलं एक रोपटं. मी बाहेर थांबणार होते, तर आत्या गरजली, “ही आत येणार! भाची आहे माझी! साक्षीदार पाहिजे!”

“येऊ दे. आणि इथे यंत्रं नाहीत हो, हळू बोललात तरी चालेल.”

“हळू बोलायला मी काय चोरी केलीय?”

डॉक्टरबाई हसल्या. मग त्यांनी समजावलं. तो प्रसंग मनात धरायचा आणि त्याच वेळी त्यांच्या हलत्या बोटांमागे डोळे न्यायचे, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. थांबायचं. काय आलं ते सांगायचं. पुन्हा सुरू. “नको वाटलं तर हात वर करा, मी तिथेच थांबेन. बऱ्याच जणांना याने बरं वाटतं. का वाटतं, यावर आमच्यात अजून भांडणं चालू आहेत.”

“भांडा खुशाल. पण एक सांगा, माझी आठवण पुसली जाणार असेल तर मी ही उठले. माझ्याकडे तिचं तेवढंच उरलंय.”

“पुसली जात नाही. आज ती तुमच्या अंगावर येते. उद्या ती आठवण म्हणून आठवावी, एवढीच खटपट.”

आत्याने पदर खोचावा तसे खांदे मागे घेतले. “हलवा बोटं.”

आणि पहिल्याच फेरीला घोळ झाला. बोटं डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आत्याचे डोळे मध्येच. खिळ्याने ठोकल्यासारखे.

“बोटांकडे बघा.”

“बघतेय की!”

“नाही, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघताय.”

“मग तुम्ही बोलताय ते कळणार कसं?” आत्या म्हणाली, आणि स्वतःच चपापली.

डॉक्टरबाईंनी खणातून मास्क काढून तोंडाला लावला. “आता?”

“आता मी बहिरी झाले.”

“नाही झालात. उत्तर दिलंत मला.”

 कितीतरी वर्षांत आत्याने कुणाला नुसतं कानांनी ऐकलं नव्हतं. मग तिचे डोळे निघाले बोटांमागे, आधी अडखळत, मग मागावरचा धोटा सुतातून इकडून तिकडे फिरावा तसे.

सोपं नव्हतं ते. पहिल्या दिवशी तिने हात वर केला, रडली, पाणी प्यायली आणि डॉक्टरबाईंनाच झापलं. घरी येऊन गाढ झोपली. पुढच्या खेपेला म्हणाली जाणार नाही, आणि माझ्या आधी चप्पल घालून उभी. दर वेळी तेच चित्र: तिचं स्वतःचं हसू, आणि हलणारा हात.

मग एकदा बोटं थांबली आणि डॉक्टरबाईंनी नेहमीसारखं विचारलं, “काय येतंय?”

“जाळी.”

“बरं. तीच धरून ठेवा.” पुन्हा बोटं. पुन्हा थांबणं.

“पट्ट्यावर लोखंडी जाळी असते. ती भिंतीला टेकवून ठेवली होती. बायच्या मागेच होती, दिसत होती मला! साफसफाईत वेळ जातो म्हणून शेठनंच काढायला लावलेली.” आत्याचा आवाज चढत गेला. “आणि मी इतके दिवस माझ्या हसण्याला बोल लावत बसले? अहो, मैत्रिणीनं हाक मारली तर माणूस हसणारच! रडणार आहे का?”

खिडकीतलं रोपटंसुद्धा दचकलं असेल. डॉक्टरबाईंनी तिला हळू बोलायला सांगितलं नाही.

आत्या शेडमध्ये शिरली त्या दिवशी मी फाटकात होते.  तिच्या छातीत धडधडत होतं, हे तिनेच नंतर सांगितलं, पण आता ती धडधड तिच्यासोबत चालत होती, आडवी येत नव्हती. ती आपल्या मागापाशी गेली. पट्टा उघडाच होता. तिने माग सुरू केला नाही.

शेठ ऑफिसातून धावत आला. “घडीखातं तिकडे आहे!” ते मलासुद्धा ऐकू आलं, इतका ओरडला.

आत्याने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती बाकावर चढली आणि त्याच्या डोक्यावरून अख्ख्या शेडकडे बघत नुसते ओठ हलवू लागली. शेठचा जन्म काचेच्या केबिनमध्ये गेलेला. त्याला ओठ वाचता येत नव्हते.

“काय म्हणतेय ही? अरे, काय म्हणतेय?”

कोपऱ्यातला एक माग थांबला. मग त्याच्या शेजारचा. मग पलीकडची रांग. खडखडाट विरत विरत गेला आणि शेडमध्ये अशी शांतता झाली की शेठच्या खिशातल्या किल्ल्या वाजलेल्या ऐकू आल्या.

“आता कानांनी ऐक,” आत्या म्हणाली, आणि खरं सांगते, हळू म्हणाली. “जाळी नाही, तर माग नाही.”

माग दुरुस्त करणारा मिस्त्री शेठच्या हुकमाची वाट बघत राहिला नाही. पाना घेऊन तो भिंतीकडे निघालाच होता. संध्याकाळपर्यंत सगळ्या पट्ट्यांवर जाळ्या बसल्या.

दुसरा नियम आत्याने तिथेच, बाकावरून उतरता उतरता काढला. या शेडमध्ये पायाला कुणी पाय म्हणायचं नाही. तंगडी म्हणायचं. तंगडी ओठांवर वेगळी दिसते, आंधळ्यालाही चुकायची नाही.

“आणि बाय?” कुणीतरी ओठांनी विचारलं.

“बाय राहू दे,” आत्या म्हणाली. समोरच्या मागाकडे बघून हसली. तोंडावर हात न नेता. मग तिने आपला माग सुरू केला.