फवारा भोंग्याच्या आधी

सहदेव परब सकाळी उठला की आधी नाक वर करून हवा हुंगायचा, देवाचं नाव नंतर. घाटकोपरच्या भटवाडीतले शेजारी हसायचे, कारण त्या चाळीत हुंगण्यासारखं होतं तरी काय? रॉकेलचा धूर आणि मागचं गटार. पण सहदेव त्यातूनही नेमकं सांगायचा, "आज हवा कोरडी आहे, आज धागा तुटणार." कुणाचा धागा आणि कसला धागा! परळची त्याची गिरणी ब्याऐंशीच्या संपात बंद पडली ती पडलीच, आणि आता शहाऐंशी साल उजाडलं होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते या माणसाकडे बघून पटायचं.

गिरणीत तो फवाऱ्यांवर होता. कापड विणायचं तर साचेखात्यातली, म्हणजे मागांच्या खात्यातली, हवा दमट लागते. ती कोरडी पडली की धागे तटातट तुटतात आणि साचेवाले फवारेवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. म्हणून तिथे छताखालून पाण्याचे नळ फिरवलेले आणि नळांना पितळी फवारे. ते साफ करायचे, पुन्हा बसवायचे, पाणी धुक्यासारखं सुटतंय ना बघायचं, हे सहदेवचं काम. या कामाचे नियम दोनच. पाळीचा भोंगा होण्याआधी फवारा सुरू झाला पाहिजे, म्हणजे माणसं साच्यावर येईतो हवा भिजलेली असते. आणि सुरू केलेला फवारा पाळी संपेपर्यंत बंद करायचा नाही. मध्येच बंद करून पुन्हा सोडला की तोंडाशी साचलेलं पाणी थेंबाथेंबानं कापडावर गळतं आणि डाग पडतो. सहदेवच्या हातून कधी डाग पडला नव्हता. ही गोष्ट तो इतक्या वेळा सांगायचा की त्याची बायको वनमाला वैतागून म्हणायची, "ह्या फवाऱ्यान पोट भरतला काय?"

पोट वनमालाच भरत होती. कारखान्यातल्या माणसांचे जेवणाचे डबे करून देत होती. सहदेवला विक्रोळीच्या एका कंपनीत वॉचमनची कायम नोकरी चालून आली होती, ती या शहाण्यानं घेतली नाही. दुसरीकडे कायम झालो आणि गिरणी सुरू झाली तर आपली जागा जाईल, हा त्याचा हिशेब. हंगामी कामं तेवढी करायची, आज इथे, उद्या तिथे. "गिरण सुरू जातली," तो म्हणायचा. "जातली माझ्या मढ्यार!" वनमाला म्हणायची आणि पिठाचे हात झटकायची.

असाच हंगामी म्हणून तो आग्रा रोडवरच्या रतन मिस्त्रीच्या गॅरेजात गाड्या धुवायला लागला. रतन तोंडाचा फटकळ, पण मनानं वाईट नव्हता. त्याच्याकडे मुलुंडच्या एका कारखानदाराचा मुलगा यायचा, चंद्रप्रकाश. याला शर्यतीचं वेड. बापाच्या पैशानं त्यानं परदेशातून एक लाल गाडी आणवली होती. तिच्या इंजिनात टर्बो होता, म्हणजे हवा ठासून भरणारा पंखा. ठासलेली हवा तापते आणि तापलेली हवा इंजिनाचा घात करते, म्हणून ती गाडीच्या नाकाशी बसवलेल्या एका जाळीतून फिरवून निववायची. त्या जाळीला इंटरकूलर म्हणायचं, दिसायला ती रेडिएटरची धाकटी बहीण. थंड देशात ठीक होतं सगळं. आपल्या उन्हात ती जाळीच तापून तवा व्हायची.

"बाहेरच्या देशात जाळीवर पाणी मारतात, बारीक स्प्रे," चंद्रप्रकाश म्हणाला. "चैत्रात घाटातली शर्यत आहे. तेवढं कुणी बसवून दिलं ना, तर झकास काम होईल."

रतननं डोकं खाजवलं. गाडी पुसता पुसता सहदेव म्हणाला, "फवारे माका येतत."

सगळे हसले. रतन मात्र हसला नाही. "बसव मग. जमलं तर धुणं बंद, कायम मिस्त्री म्हणून ठेवतो तुला."

"कायम नको," सहदेव म्हणाला. "गिरणी सुरू झाली म्हणजे..."

"येडा रे तू, पक्का येडा!" रतन म्हणाला.

फवारे आणायला सहदेव कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेला. नवे मिळत होते, पण नव्यांवर त्याचा विश्वास नव्हता. एका दुकानात पितळेचा ढीग पडला होता. त्यानं वरचा फवारा उचलला, अंगठ्यानं तोंड पुसलं, आणि त्याचा हात तिथेच थांबला. फवाऱ्याच्या मानेवर खिळ्यानं कोरलेला 'स' होता. आपण साफ केलेला फवारा दुसऱ्यांच्यात मिसळू नये म्हणून त्यानंच कोरलेला. दुसरा उचलला, त्यावरही 'स'. ढिगात हात घातला तिथे त्याचंच अक्षर वर येत होतं.

"परळच्या गिरणीचा माल आहे," दुकानदार म्हणाला. "ट्रक भरून आला. साचेपण फोडतायत आता, ते येतील पुढच्या खेपेला. तुला हवंय काय त्यातलं?"

सहदेव ढिगाशेजारी उकिडवा बसला. फवारे काढले, साचे फोडले, मग राहिलं काय? धुराडं आणि फाटक. गिरणी सुरू होणार म्हणून चार वर्षं तो चाळीत छाती पुढे काढून सांगत होता, आणि तिकडे त्याची गिरणी किलोच्या भावानं विकली जात होती. त्याला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण भंगारवाल्यासमोर रडणार कसं? त्यानं तीन फवारे निवडून घेतले आणि घरी कुणाला काही सांगितलं नाही. वनमालाला तर मुळीच नाही. तिनं "बघलात?" म्हटलं असतं, ते त्याला सोसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तो रतनला म्हणाला, "जमलं तर कायम ठेवशील ना? नक्की?" रतननं मान हलवली. सहदेवनं पुन्हा विचारलं. बुडत्याला काडीचा आधार लागतो, त्याला आता हे गॅरेज हीच एक काडी उरली होती. हे हुकलं तर उरलेला जन्म बायकोच्या डब्यांवर काढायचा होता.

त्यानं जीव ओतला. फवारे रॉकेलमध्ये बुडवून साफ केले. डिकीत प्लॅस्टिकचा कॅन टाकी म्हणून बसवला, काच धुवायच्या पाण्याची मोटर लावली, रबरी नळी पुढे नेऊन तिन्ही फवारे जाळीसमोर बसवले. सोडल्यावर पाणी असं सुटलं की समोर धरलेला कागद भिजला, पण त्यावरून थेंब ओघळला नाही. जाळी हाताला गार लागली. रतननं त्याच्या पाठीवर थाप मारली. आता हवा थंड मिळणार म्हणून त्यानं टर्बोचा दाबही वाढवून ठेवला.

"बटण माझ्या हाताशी दे," चंद्रप्रकाश म्हणाला.

"बटण कशाला? सुरू मी करीन, त्याची काळजी तुम्ही नको करू," सहदेव म्हणाला, आणि त्यानं खटका बॉनेटखाली ठेवला. चालता फवारा भलत्याच माणसानं बंद करावा, ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती. आणि रतनही, कामाचा माणूस आहे, म्हणून गप्प राहिला.

शर्यतीच्या रविवारी घाटाच्या पायथ्याशी उन्हं चढली होती. गाड्या रांगेत लागल्या. सहदेवनं हवा हुंगली, कोरडी ठणठणीत. सुटायचा इशारा व्हायच्या आधी त्यानं बॉनेट उचललं, खटका दाबला, बॉनेट लावून बाजूला उभा राहिला. गाडीच्या नाकासमोर धुकं उभं राहिलं. लोक बघायला आले. कितीतरी दिवसांनी सहदेव ताठ उभा होता.

इशारा झाला नाही. कुणी पाहुणे झेंडा दाखवायला यायचे होते, ते आले नव्हते. गाड्या उन्हात उभ्या, आणि सहदेवचा फवारा सुरू. बंद करावा का? क्षणभर त्याच्या मनात आलं. पण सुरू केलेला फवारा बंद करायचा नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. आणि पाणी संपतं, ही गोष्ट त्याला सुचलीच नाही. गिरणीतलं पाणी कधी संपलं नव्हतं, तिथे अख्खी टाकी डोक्यावर होती. इथे डिकीत एक कॅन होता, तो त्यानं स्वतःच्या हातानं बसवला होता, तरी सुचलं नाही.

पाहुणे आले, झेंडा पडला, लाल गाडी सुसाट निघाली. वरच्या वळणापाशी लोकांनी धूर पाहिला.

रतन आणि सहदेव धावत पोचले तेव्हा चंद्रप्रकाश रस्त्याकडेला डोकं धरून बसला होता. इंजिन गेलं होतं, पिस्टन वितळले होते. रतननं डिकी उघडून कॅन उचलला. कॅन रिकामा, आतून सुकलासुद्धा होता.

"वाट लागली," रतन म्हणाला. "कधी सुरू केलेलास तू?"

"भोंग्याच्या आधी," सहदेव म्हणाला.

"कसला भोंगा? इथे कुठे आहे भोंगा?"

तोंडून काय गेलं ते सहदेवला तेव्हा कळलं. रतननं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं रिकामा कॅन खाली ठेवला आणि हळूच म्हटलं, "सहदेव, उद्यापासून नको येऊस रे. मी तरी याच्या बापाला काय तोंड दाखवू?"

गिरणी गेलेली, गॅरेजही गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं. सहदेवनं फक्त फवारे मागून घेतले. रतननं तेवढे दिले.

तो घरी आला तेव्हा वनमाला दुसऱ्या दिवशीची भाजी निवडत होती. त्याचा चेहरा बघून तिनं सुरी बाजूला ठेवली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"काम सुटला," तो म्हणाला. "माझ्याच चुकीन."

आता ती तोंड सोडणार म्हणून सहदेव मान खाली घालून बसला. पण वनमाला जवळ सरकून बसली. चार वर्षांत जे वाक्य ऐकून ती कावली होती, तेच आज तिनं, त्याला बरं वाटावं म्हणून, स्वतःच्या तोंडानं उच्चारलं. "जावंदे. गिरण सुरू जातलीच मा एक दिस. मगे तुमच्याशिवाय फवारे कोण बघतलो?"

खिशातले फवारे सहदेवच्या मांडीला रुतत होते. त्यानं वनमालाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला ते खरं वाटत होतं, किंवा खरं वाटायला हवं होतं.

"व्हय," सहदेव म्हणाला. "जातली सुरू."