शामलाची पांढरी गोळी

लकडगंजाच्या मागच्या वस्तीत शामलाला पाठीमागं सगळे भिवापुरी म्हणत. भिवापूरची मिरची खाल्लेल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. तोंडावर म्हणायची मात्र कोणाची टाप नव्हती. ती सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, कामाला जायची. मोकळ्या आवारात मिरचीचे ढीग पडलेले असायचे आणि बायका ओळीनं बसून देठ खुडायच्या. दिवसभर शिंका, नाकाला पदर, आणि संध्याकाळी हात असे पेटायचे की पिठात घातले तरी आग. तिथला मुकादम काट्याला बोट लावून वजन मारतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्या मूग गिळून बसायच्या. शामलानं एकदा त्याचं बोट काट्यासकट धरलं आणि म्हणाली, "हे बोटही तोलून घे गा, याचेही पैसे लाव." त्या दिवसापासून मुकादम तिच्या ढिगापाशी हात मागं बांधून उभा राहायचा.

अशी ही बाई. नवरा कवडू आरामशीनवर लाकडं ओढायचा, घरात आईच्या शब्दाबाहेर नाही आणि बाहेर मालकाच्या. सासू रुखमाबाई, धाकटा दीर, जाऊ मीरा आणि मीराची पाच वर्षांची सिंधू, असं खटलं. शामलाला मूल नव्हतं. जगाशी भांडणाऱ्या या बाईची जीभ त्या एकाच गोष्टीपाशी टाळूला चिकटायची. कोणी 'वांझ' म्हटलं की ती उठून चूल सारवायला घ्यायची. आणि घरातल्यांना हे बरोब्बर माहीत होतं. आपल्या माणसांना आपली दुखरी नस जेवढी ठाऊक असते तेवढी वैद्यालाही नसते, हे काय सांगायला पाहिजे?

मग तिची बोटं सुजली. आधी बोटं, मग मनगटं, मग गुडघे. सकाळी उठली की हाताची मूठ वळेना, लुगड्याचा काष्टा खोचता येईना. सातऱ्यावर देठ धरायला गेली की मिरची बोटांतून निसटायची. वस्तीनं आपापली अक्कल पाजळली. कोणी बिब्बा घाल म्हणालं, कोणी रुईचा पाला बांध. रुखमाबाईनं निदान केलं, "लोकायले शिव्या देल्ल्या ना, त्या हातात उतरल्या."

शेवटी शामला एकटीच मोठ्या दवाखान्यात गेली. तिथल्या प्रेमलता डॉक्टरीण बाईंनी तिचे हात आपल्या हातात घेऊन एकेक सांधा दाबून पाहिला. हा संधिवात साधा नाही, म्हणाल्या. शरीराची रोगाशी लढणारी ताकद वाट चुकली आहे आणि आपल्याच सांध्यांवर तुटून पडली आहे, ती दाबायला गोळी द्यावी लागेल. गोळी बारकी, पांढरी, जिभेवर कडू. आठ-पंधरा दिवसांत शामलाची मूठ वळली. ती त्या दिवशी आवारात बसून उगाचच मूठ मिटत आणि उघडत राहिली, आणि कोणी पाहतंय का म्हणून इकडंतिकडं बघत राहिली.

पण डॉक्टरीण बाईंनी गोळीबरोबर दटावणीही दिली होती. त्यांचा स्वभाव शामलासारखाच, म्हणून दोघींचं जमलं. "शामलाबाई, ही गोळी जेवल्यावर घ्यायची. मनानं कमी नाही, मनानं जास्त नाही. आणि एकदम बंद तर कधीच नाही. असंच औषध शरीर स्वतः बनवत असतं. गोळी चालू झाली की शरीर आळशी होतं, बनवणं सोडून देतं. मग तुम्ही अचानक गोळी तोडली तर आत काहीच उरत नाही, माणूस कोसळतो. मरतोसुद्धा. बंद करायची वेळ आली तर मी हळूहळू उतरवीन. आणि या गोळीवर असताना ताप आला तर घरी बसायचं नाही. गोवर-कांजिण्यांचं लेकरू असेल त्या घरात जायचं नाही. तुम्हाला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या का?"

"येऊन गेल्या. हे पाहा वण."

"तरी येऊन मला सांगायचं. आणि हे सगळं घरच्यांनाही सांगा."

तिनं घरी सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं. दीर हसला. कवडूनं मान हलवली, तो कशालाही हलवायचा. रुखमाबाई म्हणाली, "गोळी हाय का श्वास हाय वं? न घेतली तं मरते म्हने."

गोळीनं तिचा चेहरा गोल झाला. गाल वर आले. आता वस्तीला नवं खाद्य मिळालं. नळावर कौशल्या म्हणाली, "सासू कष्टून राहिली अन् सून फुगून राहिली." शामलानं भरलेली बादली तिथंच उपडी केली आणि म्हणाली, "घे, तूही फुग." ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना फक्त धूर दिसतो.

असं वर्ष निघालं. मग उन्हाळ्याच्या तोंडी सिंधूच्या अंगावर कांजिण्यांचे पाण्याचे फोड आले.

भिंतीवर सरकारनं रंगवून ठेवलं होतं की देवीचा रोग देशातून गेला. पण रुखमाबाईला ना भिंत वाचता येत होती ना सरकारचा तिच्या घरात शब्द चालत होता. फोड आले म्हणजे माता आली. दारात कडुनिंबाचा टहाळा लागला. फोडणी बंद, केस विंचरणं बंद, चपला बाहेर. आणि औषध बंद. एकट्या पोरीचं नाही, सगळ्या घराचं. माता घरात मुक्कामाला असताना त्या छपराखाली कोणी औषधाचा कण जरी गिळला तरी तिला तो अपमान वाटतो आणि ती आपला राग लेकरावर काढते. रुखमाबाईची आई हे मानायची, तिची आईही मानायची. दिराची खोकल्याची बाटली, कवडूचा कंबरेचा लेप आणि शामलाची गोळ्यांची बाटली, सगळं एका फडक्यात बांधून रुखमाबाईनं कौशल्याच्या घरी फळीवर ठेवून दिलं.

शामला सातऱ्यावरून आली आणि तिला हे कळलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

"आत्याबाई, माही बाटली आना. डॉक्टरीण बाईनं काय सांगतलं होतं, सांगतलं ना मी तुमाले? तिनं तं असं लेकरू असन त्या घरात जाऊ नको म्हटलं होतं. आता मी उद्याच जाऊन तिले इचारते."

"दवाखान्याची पायरी चढली तं पुन्हा या घरात पाय ठिवू नको. माता उठून गेल्यावर घेजो का औषध."

"तोवर मी उठून जाईन."

"मंग जाय."

मीरा पोरीजवळ बसली होती. तिनं वर पाहिलं. तिचे डोळे रडून सुजले होते. ती म्हणाली, "बाई, तुमच्या पाया पडते. माही एकच पोट्टी हाय."

आणि रुखमाबाईनं नेमकी नस दाबली. "आपल्या पोटी नाही, म्हून दुसऱ्याच्या लेकराची कीव नाही. हिचं काई बरंवाईट झालं, तं वस्ती काय म्हनन तुले, समजते का?"

समजत होतं. पोर दगावली असती तर वांझ बाईनं डाव साधला असं वस्तीनं पिढ्यान्पिढ्या सांगितलं असतं. आणि वस्तीचं एक जाऊ द्या, सिंधू रात्री हिच्याच कुशीत झोपायची. शामलाचा मातेवर किती विश्वास होता देव जाणे. पण जरासा असेल, तेवढा पुरला. तिनं कवडूकडं पाहिलं. कवडू कडुनिंबाची पानं तोडत बसला होता. ज्या बाईनं मुकादमाचं बोट धरलं तिनं चुलीकडं तोंड केलं आणि सारवायला घेतलं.

पहिले दिवस नुसते सांधे दुखले. मग अन्न जाईना. उठली की भोवळ, बसली की मळमळ. पाणीसुद्धा पोटात ठरेना. रुखमाबाई म्हणाली, ढोंग. सिंधूचे फोड मात्र सुकायला लागले होते, पोरगी उठून बसत होती. मातेला निरोप द्यायचा दिवस ठरला. दुपारी वस्तीतल्या बाया पाण्याचे गडवे घेऊन आल्या, गाणी सुरू झाली. शामला तांब्या घेऊन देवाऱ्याकडं निघाली आणि मधेच तिचे पाय गेले. ती खाली बसली, मग आडवी झाली. अंगाला कापरं भरलं, डोळे फिरले, घशातून घरघर निघाली.

गाणी थांबली. रुखमाबाईनं हात जोडले. "आली. हिच्या अंगात आली."

काय म्हणावं आता या लोकांना? बाई मरून राहिली आणि हे तिला हळदकुंकू लावतात. एकीनं कपाळ माखलं, दुसरीनं कडुनिंब फिरवला, कौशल्यानं, तीच नळावरची कौशल्या, पायावर डोकं ठेवलं. शामलाला सगळं दुरून ऐकू येत होतं. तिनं ओठ हलवले. "मले दवाखान्यात न्या. माही गोळी."

कवडू पुढं झाला. रुखमाबाईनं त्याला हातानं मागं सारलं. "थांब गा. हे शामला बोलून राहिली. मातेले बोलू दे."

शामला बोलून राहिली. म्हणून थांब. हे शब्द त्या धुक्यातही तिच्या कानात मिरचीच्या खकाण्यासारखे गेले. हातपाय तिचे राहिले नव्हते, पण राग शिल्लक होता. तेवढ्या रागावर तिनं कोपर टेकून मान उचलली, केस तोंडावर आले, आणि असा आवाज काढला की मीरानं पोरीला छातीशी ओढलं.

"मी माता हावो. हे शामला माही लेक हाय. इचं औषध कोनं तोडलं? आत्ताच्या आत्ता इले डॉक्टरीण बाईकडं न्या. बाटली संगं न्या. नाही तं या घराले आग लावीन अन् चौकटही ठिवनार नाही."

असा आज्ञाधारकपणा त्या वस्तीनं कधी पाहिला नव्हता. कौशल्या स्वतः धावत जाऊन बाटली घेऊन आली. दिरानं ठेला काढला, वर गोधडी टाकली. कवडू आणि तो, दोघं उन्हात अनवाणी ठेला ओढत दवाखान्यात पोचले. मातेच्या स्वारीला चपला कशा चालतील?

डॉक्टरीण बाईंनी कुंकवानं माखलेलं ते तोंड पाहिलं, नाडी पाहिली, आणि बोलत बसल्या नाहीत. शिरेत सुई गेली, सलाईन लागलं. संध्याकाळपर्यंत शामलाला माणसं ओळखू यायला लागली. मग बाई कवडूकडं वळल्या. "हिच्या गोळ्या कोणी बंद केल्या?"

"मातेनं," कवडू म्हणाला.

"आणि इथं आणायला कोणी सांगितलं?"

"मातेनंच."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

कवडूनं सवयीनं मान हलवली. बाईंनी त्याला खाटेच्या पायथ्याशी उभं केलं आणि त्याच्याकडून नियम वदवून घेतले. गोळी एकदम बंद नाही. उलटी होऊन गोळी पडली तर थेट दवाखाना. ताप आला तर थेट दवाखाना. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडं गेलं तर आधी ही गोळी चालू आहे म्हणून सांगायचं. त्यानं चुकत चुकत म्हटलं. शामला डोळे मिटून ऐकत होती. हेच सगळं तिनं वर्षापूर्वी याच माणसाला चुलीपाशी सांगितलं होतं.

ती घरी आली तेव्हा दारात रांगोळी होती. सिंधू उड्या मारत होती, गालावर दोन-चार वण. रुखमाबाई वाकली आणि चक्क सुनेच्या पायाला हात लावला.

शामलानं पाय मागं घेतले. "आत्याबाई, माता नाही आलती. मी बोलली होती. मी, शामला."

"चूप वं," रुखमाबाई म्हणाली आणि स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. "असं बोलू नये, ते आयकते."

त्यानंतर बाटली देवाऱ्यात गेली. तिला कुंकू लागलं. रोज जेवण झालं की रुखमाबाई हात धुऊन, बाटलीला नमस्कार करून, एक गोळी तळहातावर घेऊन यायची. एक दिवस खाडा नाही. वस्तीतल्या बाया कौतुकानं बघायच्या. शामला गोळी गिळायची आणि मनाशी धुसफुसायची. आपलं औषध आपल्याला मिळायला आधी देवी व्हावं लागतं काय? माणूस म्हणून घसा फुटेस्तोवर सांगितलं, तेव्हा यांचे कान कुठं गेले होते?

एका दुपारी घरात दोघीच होत्या. रुखमाबाईनं हात पुढं केला. "घे माय."

"मी माय नाही. मी शामला व्हय. शामलाले द्याची असन तं द्या."

रुखमाबाईनं दाराकडं पाहिलं. कोणी नव्हतं. मग ती हळूच म्हणाली, "शामलाले कोन देते वं? मी रुखमा होती तवा मले कोनं देल्लं? तीन लेकरं गेली माही, कोनं इचारलं?"

म्हातारीला सगळं ठाऊक होतं. त्या दिवशी कोण बोललं, ते तिला पहिल्या शब्दापासून ठाऊक होतं. शामलाला तिची कीव आली आणि त्याच वेळी संतापही आला. ती उठली, देवाऱ्यातून बाटली काढली, पदराच्या टोकानं तिच्यावरचं कुंकू खसाखसा पुसलं आणि बाटली चुलीपाशी मिठाच्या बरणीजवळ ठेवली. मग सासूच्या तळहातावरची गोळी उचलली.

"शामलाले कोनी देऊ नका," ती म्हणाली. "शामला घेते."

आणि पाण्याचा घोट घेतला.