खालच्या फळीवरची तिसरी कॅसेट

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीच्या मोंढ्यात हरभऱ्याच्या पोत्यावर बसलो होतो. पोती तिथंच शेजाऱ्याच्या हवाली केली आणि झरीची जीप धरली. पोचलो तर त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे आप्पाला मांडी घालून बसवलं होतं, कपाळाला भस्म, गळ्यात हार. दुकानात बसायचा तसाच दिसत होता… वाटलं, आता म्हणेल, "माणिक, ऐकतो का आज?"

काय ऐकायचं ते सांगतो. झरीच्या बसस्टँडजवळ आप्पाचं कॅसेटचं दुकान होतं. आमच्या भजनी मंडळाच्या कॅसेटीही तोच भरायचा. तो पेटीवर, मी ढोलकीवर. एका सप्ताहात चालू भजनात ठेका चुकला. आप्पानं पेटी थांबवली आणि सगळ्या गावासमोर ओरडला, "माणिक, हात कुठं चाललाय तुझा?" मी म्हणालो, "माझा हात बराबर हाय. तुझी पेटी पळायलीय!" भजन राहिलं बाजूला, आमचं भांडण टेपात भरलं. तीस वर्षं तो म्हणत आला, कॅसेट लाव, कळंल कुणाचं चुकलं. मी एकदाही ऐकली नाही. माझं बरोबर होतं, मग ऐकायचं कशाला?

मी चौथी नापास. जोडाक्षर आलं की आजही थांबतो. पण आप्पाच्या दुकानात वाचायची गरज नव्हती. कुठल्या कॅसेटचा कोपरा तुटलाय, कुठलीवर चहा सांडलाय, बोट आपोआप जायचं. पुढं फितींना बुरशी लागली. तेव्हा आप्पा साठीच्या पुढं कंप्युटर शिकला आणि एकेक कॅसेट टॅबमध्ये उतरवली. नुसती उतरवली नाही, प्रत्येकीच्या कव्हराचा फोटो काढला, चहाच्या डागासकट. फोटो फळीवर होते तसेच लावले, एका ओळीत सात. फोटोवर बोट ठेवलं की ती कॅसेट वाजायची. सडलेल्या कॅसेटी मग त्यानंच टाकून दिल्या. मला म्हणाला, "हे तुझ्यासाठी केलंय. खालची फळी, उजवीकडून तिसरी. तुझ्या अंगठ्याचा हळदीचा डाग हाय बघ." मी टॅब मागं सरकवला. "काचेत कसली आलीय फळी? हाताला वजन न्हाई."

"वजन तुझ्या डोक्यात लय हाय," आप्पा हसला. "तेवढं बस झालं."

दिवसकार्य उरकल्यावर मी आपण होऊन त्याच्या पोराकडं, बसवराजकडं टॅब मागितला. त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला. "काका, गाणी समदी ह्याच्यात हायेत. टॅब पोरीच्या अभ्यासाला रिकामा केला. जुन्या कॅसेटीचे फोटोच फोटो होते, काढून टाकले."

"अन् कोणतं कुठं हाय ते?"

"नंबर टाकलेत की आप्पांनी."

नंबर कशाचा कुठला, ते एकट्या आप्पाला ठाऊक. पोराचं तरी काय चुकलं? त्याला तो कचराच दिसणार. मला त्यानं स्पीकर दिला, आणि मी नको म्हणत असताना दुकानातली रिकामी मांडणीही टेम्पोत घालून घरी धाडली.

आता रोज दुपारी पेनड्राइव्ह लावून बसतो. पुढं सरकवायचं बटण आहे, पण भांडण कुठल्याशा भजनाच्या मधेच आहे. सरकवलं आणि नेमकं तेच निसटलं तर? म्हणून सगळं ऐकतो. ऐकता ऐकता लाईट जाते. परत आली की ते यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं… पंधरवडा झाला, मी पुढं सरकलोच नाही. सुनेला सांगितलं तर म्हणते, "मामा, किती दिवस तेच तेच ऐकायलाव?" तिला काय सांगू?

लाईट नसली की मांडणीसमोर बसतो. खालची फळी, उजवीकडून तिसरी जागा. बोट अजून बरोबर तिथंच जातं, धुळीत टेकतं. चुकलाही असेल माझा ठेका… पण ऐकल्याबिगर कबूल कसं करू? आणि केलं, तर कुणापुढं?

लाईट येते. पहिलं भजन लागतं. पेटी धरायच्या आधी आप्पा खाकरतो.