शुभांगीचा अर्धा दिवस

आमची नातसून शुभांगी आमच्या रिहे गावी खाचरात भात लावते आणि लवळ्याच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय सुरक्षा या विषयात एम.ए. करते. गावातले विचारतात, म्हंजे वॉचमनचं काय? मी नुसता हसतो. माझी शाळा चौथीपर्यंतची. गुरुजींकडे पृथ्वीचा गोल होता, त्याची बैठक मोडलेली, म्हणून ते तो तांब्यावर ठेवायचे. तहान लागली की जग खाली उतरवायचे. तर मी काय समजावणार? पण शेजारचे देश नदीचं पाणी अडवतात, भांडतात, मग करार करतात, हे तिनं भाकरी थापताना मला सांगितलंय. सांगता सांगता तिचे डोळे मिटायचे. सकाळी गोठा, मग एसटीनं पिरंगुट, तिथून रिक्षा, परत आली की चूल. बाळंतपणात तिची तोंडी परीक्षा हुकली होती. या जुलैत पुन्हा हुकली असती, तर नावच कमी होणार होतं.

आणि नेमकी परीक्षेच्याच दिवशी शेजारच्या एकनाथची भातलावणी निघाली. आमच्याकडं सावड असते. तुम्ही आमच्यात राबलात की आम्ही तुमच्यात राबायचं, पैशाचा संबंध नाही. एकनाथची बायको गोजराबाई आमची लावणी करून गेली होती. तो दिवस शुभांगीनं फेडायचा. नाही फेडला, तर पुढच्या साली आमच्या बांधावर कोण येणार? नातू किशोर कंपनीत, त्याला रजा नाही. शुभांगी पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसून राहिली.

"आबा, नकोच ती परीक्षा. दमले मी."

"तू जा. सावड मी फेडतो."

लावणी म्हणजे बायकांचं काम. मला चिखलात उतरताना बघून गोजराबाई म्हणाली, "नातसुनेच्या जागी तुमी? मग लुगडं तरी नेसून यायचं."

मी रोपं लावत गुरुजींच्या तांब्याची गोष्ट काढली.

"आबा, तोंड लई चालतंय. ओळ बघा, बैल मुतल्यावानी झालीया."

जेवणवेळेपर्यंत माझी कंबर सरळ होईना. तिनं मला बांधावर बसवलं. "तुमचा अर्धा दिवस धरला. उरलेला तिच्याकडनं घीन."

दुपार कलली तेव्हा शुभांगी चपला हातात घेऊन थेट बांधावरून आली.

"झालं का गं?" मी विचारलं.

"झाले पास." तिनं पिशवी माझ्याकडे दिली. "एका सरांनी विचारलं, एका देशानं शब्द मोडला तर काय होतं? मी म्हणाले, त्याच्याकडं परत कोण जाईल? तर म्हणाले, पुस्तकातलं सांगा. मग पुस्तकातलं सांगितलं."

मला एवढा आनंद झाला की मी पिशवी छातीशी धरून बसलो. ती मात्र सलवार वर खोचून चिखलात उतरली. गोजराबाईनं सरकून जागा दिली, रोपांची मूठ हातात ठेवली. "तोंड सुकलंय तुझं. एवढी ओळ झाली की च्या पिऊ."

"होऊ दे काकी, सगळंच उरकू."

खाचर संपेपर्यंत तिनं कंबर सरळ केली नाही. घरी येताना मी म्हणालो, पेढे आणायला पाहिजेत.

"उद्या, आबा."

ओटीवर भिंतीला टेकली आणि तशीच झोपली. मी तिला पाय धुवायला पाण्याचा तांब्या आणला होता. तो तिच्याजवळ ठेवला आणि किशोर येईपर्यंत कुणालाही तिला हाक मारू दिली नाही.